बकरीचं, गाईचं ऑपरेशन : आधी काय, नंतर काय?

सख्यांनो, गटाच्या कर्जातून घेतलेली बकरी आजारी पडली आणि डॉक्टर म्हणाले, "ऑपरेशन करावं लागेल," की घरात पहिला विचार येतो, "विकून टाकू." पण वेळेवर ऑपरेशन झालं आणि नंतरची काळजी नीट घेतली, तर बरीच जनावरं वाचतात.

ऑपरेशन कशासाठी?
आपल्याकडे मुख्य कारणं दोन. पहिलं, पोटातली पन्नी, दोरी किंवा तार. गाय चारा निवडून खात नाही, सरळ गिळते. तार जाळीच्या पोटात अडकते. ते पोट हृदयाच्या अगदी जवळ असतं, त्यामुळे तार टोचत हृदयापर्यंत जाऊ शकते. रवंथ बंद, वारंवार पोटफुगी, शेण कमी, दूध घटलं, अशी लक्षणं दिसली की थांबू नका. दुसरं कारण, अडलेली बकरी. तासभर जोर लावूनही पिल्लू पुढे सरकत नसेल तर स्वतः ओढाताण करू नका. पिशवी फाटली तर बकरी आणि पिल्लू दोन्ही जातात.

कुठे जायचं?
आधी पशुसखीला आणि गावाजवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याला सांगा. फिरत्या पथकासाठी 1962 हा टोल फ्री नंबर आहे. मोठ्या केससाठी नागपुरात सेमिनरी हिल्सला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. ते 1958 पासून चालू आहे. खर्च किती, धोका किती, हे आधीच विचारा. संमतीपत्र वाचून घेतल्याशिवाय सही किंवा अंगठा देऊ नका. विमा असेल तर कंपनीला लगेच कळवा आणि कानातला बिल्ला जपा.

उपाशी का ठेवायचं?
भूल दिल्यावर पोटातला चारा-पाणी तोंडात येऊन श्वासनळीत जाऊ शकतं, पोटही फुगतं. म्हणून डॉक्टर चारा आणि पाणी बंद करायला सांगतात. किती तास, ते जनावर आणि वय पाहून ठरतं. लहान पिल्लाला आपल्या मनानं उपाशी ठेवू नका. "थोडं कुटार खाल्लं तर काय होतं?" असं म्हणून लपवूही नका. खाल्लं असेल तर खरं सांगा.

घरी आणल्यावर
- जागा कोरडी आणि सावलीची हवी. नागपूरच्या उन्हाळ्यात पत्र्याखाली बांधू नका.
- भूल पूर्ण उतरेपर्यंत जनावर आडवं पडू देऊ नका. छातीवर बसतं ठेवा, दोन्ही बाजूंनी पोत्यांचा आधार द्या.
- पाणी आणि चारा डॉक्टर सांगतील तेव्हाच, थोडा थोडा द्या. पोटाचं ऑपरेशन असेल तर ढेप, दाणा लगेच नको.
- बाकीच्या बकऱ्यांपासून वेगळी बांधा. टाके साधारण 10 ते 14 दिवसांनी काढतात, तोवर आंघोळ नको.
- जखमेवर राख, चुना, जळकं ऑइल लावू नका. माशी बसली की किडे पडतात, कावळेही टोचतात. दिलेलं औषधच लावा.
- इंजेक्शन, गोळ्यांचा कोर्स पूर्ण करा. घरातली माणसांची दुखण्याची गोळी देऊ नका. डायक्लोफिनॅक तर 2006 पासून जनावरांसाठी बंद आहे, कारण ते दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की गिधाडंही मरतात.
- औषध चालू असताना दूध किती दिवस विकायचं नाही, ते विचारा. ते दूध लेकरांनाही देऊ नका.
- अडलेल्या बकरीची पिल्लं असतील तर पहिल्या एक-दोन तासांत चीक पाजा.

घरच्या कुत्र्याची नसबंदी केली तरी हेच नियम. मात्र तो टाके चाटणार नाही, हे बघा.

लगेच फोन कधी?
पहिले दोन-तीन दिवस थोडी सूज चालते. पण पू, घाण वास, सुटलेला टाका, ताप, पोटफुगी, किंवा दिवसभर चारा-शेण बंद असेल तर सकाळची वाट पाहू नका.

शेवटी एकच. शिळी भाकर, भाजीची सालं पन्नीत बांधून उकिरड्यावर टाकू नका. पुढच्या बैठकीत हा विषय घ्या आणि 1962 नंबर प्रत्येकीच्या मोबाईलमध्ये टाकून द्या.