रेष टॅम्पाची, पाणी फोर्ट मायर्सला

फ्लोरिडातल्या वादळवेड्यांचे घड्याळ जून ते नोव्हेंबर वेगळे चालते. पहाटे पाच, सकाळी अकरा, संध्याकाळी पाच, रात्री अकरा. मायामीचे ‘नॅशनल हरिकेन सेंटर’ या चार वेळांना समुद्रावरच्या चक्रीवादळाचे नवे स्थान, वेग आणि पुढचा मार्ग जाहीर करते. किनाऱ्याला इशारा दिलेला असेल तर मधल्या वेळांनाही बातमीपत्र येते. एरवी शाळेत शिकवणारी, दुकान चालवणारी, निवृत्त होऊन बागकाम करणारी माणसे अशा दिवसांत जेवण अर्धवट टाकून पडद्यापुढे जाऊन बसतात.

इंटरनेट येण्याआधी ही हौस कागद-पेन्सिलीवर भागायची. अक्षांश-रेखांश छापलेले अटलांटिकचे नकाशे वर्तमानपत्रांतून आणि किराणा दुकानांतून मिळत. रेडिओवर वादळाचे स्थान सांगितले की घरातले कोणीतरी त्यावर ठिपका देई. ठिपके जोडले की रेष व्हायची. रेषेचे वेड तिथूनच आले असावे. ते किती महाग पडू शकते हे सप्टेंबर २०२२ मध्ये, ‘आयन’ नावाचे वादळ फ्लोरिडाच्या पश्चिम किनाऱ्याच्या कडेने वर सरकत होते तेव्हा दिसले.

आता पेन्सिलीची गरज उरलेली नाही. उपग्रहाची चित्रे तर कोणालाही दिसतात. मोठ्या वादळावर ती दर मिनिटाला एक अशीही मिळतात. पण खऱ्या दर्दी माणसाचा जीव अडकलेला असतो विमानांत. मिसिसिपी राज्यातल्या बिलॉक्सीहून हवाई दलाच्या राखीव तुकडीची सी-१३० विमाने आणि ‘नोआ’ या संस्थेची पी-३ विमाने थेट वादळाच्या डोळ्यात शिरतात. (नोआच्या दोन पी-३ विमानांची नावे ‘कर्मिट’ आणि ‘मिस पिगी’ आहेत; एवढ्या जिवावरच्या कामाला बाहुल्यांची नावे देण्यात शहाणपणच असावे.) आत गेल्यावर ती छोट्या छत्रीला लटकणारी नळीसारखी उपकरणे खाली सोडतात. समुद्रात पडेपर्यंतच्या काही मिनिटांत ही नळी हवेचा दाब, तापमान, आर्द्रता आणि वाऱ्याचा वेग कळवत राहते. ही सगळी माहिती सांकेतिक आकड्यांत, जवळजवळ लगेच, सर्वांसाठी खुली होते. ते आकडे उलगडून केंद्रातला दाब किती उतरला हे अधिकृत बातमीपत्राच्या आधी सांगणे ही वादळवेड्यांच्या जगातली मोठी शेखी.

तरी दाब आणि वारा आत्ता किती आहे एवढेच विमान सांगते. वादळ उद्या कुठे असेल, हा प्रश्न उरतोच. चक्रीवादळ स्वतःहून फारसे कुठे जात नाही. ओढ्यातल्या भोवऱ्यासारखे ते भोवतालच्या प्रवाहाबरोबर वाहत जाते. आयनच्या बाबतीत अमेरिकेच्या पूर्व भागावर वरच्या थरात थंड हवेची एक द्रोणी खाली झुकत होती. ती किती खोल उतरेल आणि वादळाला केव्हा पकडून उत्तर-ईशान्येकडे वळवेल, यावर सारे अवलंबून होते. अमेरिकेचे जीएफएस हे संगणकी प्रारूप म्हणत होते की वळण उशिरा येईल आणि वादळ फ्लोरिडाच्या उत्तरेला धडकेल. युरोपीय प्रारूप त्याला आधी वळवून बरेच खाली, पूर्वेकडे आणत होते. वादळवेड्यांत या दोन प्रारूपांचे पक्ष पडतात आणि वाद क्रिकेटइतके रंगतात. त्या आठवड्यात अधिकृत रेष या दोघांच्या मधून गेली आणि बराच काळ तिचे टोक टॅम्पा शहराच्या आसपास होते.

इथे किनाऱ्याची भूमिती आडवी येते. समजा, वादळ किनाऱ्यावर सरळ, काटकोनात चालून येते आहे. त्याचा मार्ग २० किलोमीटर बाजूला सरकला तर धडकण्याची जागाही २० किलोमीटरच सरकते. आता समजा, ते किनाऱ्याच्या कडेकडेने, फक्त १५ अंशांचा कोन करून येते आहे. मार्ग तेवढाच, २० किलोमीटर सरकला, तर धडकण्याची जागा जवळजवळ ७७ किलोमीटर सरकते. कोन १० अंशांचा असेल तर ११५ किलोमीटर. अंदाज करणाऱ्याची चूक तेवढीच, पण किनाऱ्यावरचे शहर बदलते. दक्षिणेकडून उत्तरेला सरकणारे वादळ आणि त्याच दिशेने पसरलेला फ्लोरिडाचा पश्चिम किनारा ही अशीच जोडी आहे. मार्गात किंचित फरक पडला तर जागेत मोठा फरक पडेल, हे केंद्राचे तज्ज्ञ त्या दिवसांत आपल्या टिपणांत लिहीत होते. ही टिपणे कोणालाही वाचता येतात. चांगले हौशी निरीक्षक चित्रांआधी तीच वाचतात, कारण तज्ज्ञांची शंका त्यांत उघडपणे मांडलेली असते.

चित्रात मात्र शंका शंकूच्या आकारात येते. आजच्या स्थानापासून पुढच्या पाच दिवसांपर्यंत रुंदावत जाणारा हा शंकू अमेरिकेत सर्वांना पाठ आहे आणि बहुतेकांना चुकीचा पाठ आहे. तो वादळाचा आकार दाखवत नाही. गेल्या पाच वर्षांतल्या अंदाजांच्या चुका मोजून त्याची रुंदी ठरते आणि वादळाचे केंद्र ढोबळमानाने तीनात दोन वेळा त्याच्या आत राहते. म्हणजे तीनात एकदा ते बाहेर जाणार, हे गृहीतच धरलेले आहे. शिवाय ही गोष्ट केंद्राची; वारा, पाऊस आणि समुद्र शंकूच्या कडा पाळत नाहीत. टीव्हीवर शंकूच्या मधोमध एक काळी रेष असली की डोळा तिच्यावरच खिळतो.

खरे तर या किनाऱ्याने हा धडा आधी एकदा गिरवला होता. १३ ऑगस्ट २००४ रोजी ‘चार्ली’ नावाच्या वादळाची रेष टॅम्पावर होती. ते अलीकडेच उजवीकडे वळले, काही तासांत दुसऱ्या श्रेणीतून चौथ्या श्रेणीत गेले आणि कायो कोस्टा या बेटावरून पुंटा गोर्डा गावावर आदळले. बारीक काळ्या रेषेवर नजर खिळवू नका, हे अमेरिकी हवामानतज्ज्ञ तेव्हापासून सांगत आले आहेत. पण चार्लीने दुसरी एक आठवणही मागे ठेवली होती. ते आकाराने लहान वादळ होते. त्याचा वारा भयंकर होता, पण त्याने समुद्र फारसा आत ढकलला नाही. त्यातून तगलेल्या माणसाला पुढच्या वादळाची भीती कमीच वाटणार.

आयनने २७ सप्टेंबरच्या पहाटे पश्चिम क्युबाला झोडपले. अख्ख्या बेटाची वीज गेली. तिथून बाहेर पडल्यावर त्याच्या डोळ्याभोवतीची ढगांची भिंत मोडून बाहेर नवी, मोठी भिंत उभी राहू लागली. हौशी निरीक्षकांना हा बदल रडारवर पाहायला फार आवडतो. अशा वेळी वादळ काही काळ मंदावते, पण नवी भिंत पक्की झाली की ते पूर्वीपेक्षा पसरट होते आणि पुन्हा जोर धरू शकते. आयनने नेमके तेच केले. दरम्यान द्रोणीने त्याला लवकर गाठले होते आणि दर बातमीपत्रागणिक रेषेचे टोक किनाऱ्यावरून खाली, दक्षिणेकडे घसरत होते. टॅम्पाच्या परिसरात घरे सोडण्याचे आदेश २६ तारखेलाच निघाले होते. फोर्ट मायर्स ज्या ली काउंटीत येते, तिथला पहिला आदेश निघाला २७ च्या सकाळी. २८ तारखेला दुपारी तीनच्या सुमारास आयन जमिनीवर आले, वाऱ्याचा वेग ताशी सुमारे २४० किलोमीटर, चौथी श्रेणी. जागा पुन्हा तीच, कायो कोस्टा. टॅम्पापासून सुमारे १४० किलोमीटर दक्षिणेला.

त्या दिवशी टॅम्पाच्या उपसागरातले पाणी आटले. उत्तर गोलार्धातल्या चक्रीवादळात वारा घड्याळाच्या उलट दिशेने फिरतो. वादळ नैर्ऋत्येकडून किनाऱ्यावर आले की त्याच्या डाव्या अंगाचा वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो आणि उजव्या अंगाचा समुद्राकडून जमिनीकडे. टॅम्पा डाव्या अंगाला पडले. वाऱ्याने तिथले पाणी बाहेर खेचून नेले, तळाचा चिखल उघडा पडला आणि लोक हौसेने त्यावर चालायला गेले. त्याच वेळी उजव्या अंगाचे जोरदार वारे फोर्ट मायर्स बीचवर समुद्र आत लोटत होते. तिथला समुद्रतळ फार दूरपर्यंत उथळ आहे. लोटलेल्या पाण्याला खालून परत जायला वाव नसतो, ते जमिनीवर चढते. तिथे जमिनीवर १० ते १५ फूट पाणी उभे राहिले. किनाऱ्यापासून आत, नदीकाठी असलेल्या फोर्ट मायर्सच्या भरतीमापकाने नेहमीच्या भरतीपेक्षा सात फुटांहून अधिक उंची नोंदवली. तो तिथला विक्रम ठरला.

श्रेणीचा आकडा फक्त वाऱ्यावरून ठरतो, हे इथे आठवले पाहिजे. केंद्राच्या अंतिम अहवालानुसार आयनने अमेरिकेत १५६ जीव घेतले. त्यांतले ६६ थेट वादळाने गेले आणि त्यांतही ४१ जण समुद्राच्या या चढत्या पाण्यात. त्या ४१ पैकी ३६ एकट्या ली काउंटीतले. निवृत्तीनंतर समुद्रकाठी राहायला आलेल्यांची वस्ती तिथे मोठी आहे. घरात पाणी छातीपर्यंत चढत असताना माळ्यावर चढणे सत्तरीच्या गुडघ्यांना जमत नाही, हे कोणत्याही रडारवर दिसत नाही.

उरलेले ९० मृत्यू वादळाच्या आगेमागे झाले. वीज गेलेली, रस्ते बंद, वैद्यकीय मदत पोहोचत नाही, त्यात ताणाने हृदय बंद पडते. वर पाणी ओसरल्यावर दुसरेच संकट आले. व्हिब्रिओ व्हल्निफिकस नावाचा जीवाणू कोमट, मचूळ पाण्यात राहतो. पायाला साधी जखम असली तरी तो आत शिरतो आणि मधुमेह किंवा यकृताचा आजार असलेल्याचा काही दिवसांत जीव घेऊ शकतो. फ्लोरिडाच्या आरोग्य खात्याने २०२२ च्या आकड्यांसोबत, आयनमुळे ली काउंटीत या संसर्गात असाधारण वाढ झाल्याची नोंद केली. आपल्याकडे तुंबलेल्या पाण्यातून चालल्यावर डॉक्टर लेप्टोची आठवण करून देतात, तसाच हा प्रकार.

कडेकडेने जाणारे वादळ आपल्यालाही नवे नाही. मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ लक्षद्वीपजवळून निघून केरळ, कर्नाटक, गोवा आणि कोकण असा सगळा किनारा उजव्या हाताला ठेवत वर गेले आणि १७ तारखेच्या रात्री दीवजवळ जमिनीवर आले. मुंबई-पुण्यातले हौशी निरीक्षकही त्या दिवशी रडार उघडून बसले होते. केंद्र मुंबईपासून शंभर किलोमीटरहून अधिक दूर समुद्रातच राहिले. रेष पाहणाऱ्याला मुंबई वाचली असे वाटावे. पण कुलाब्याला ताशी ११४ किलोमीटर वेगाचा झोत नोंदला गेला, ऐन मे महिन्यात शहरात दोनशे मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला आणि तेलक्षेत्राजवळ नांगरलेली पी-३०५ ही तराफा-नौका २६१ माणसांसह सुटून बुडाली. त्यांतले सत्तरहून अधिक परत आले नाहीत. रेष गुजरातची होती.

जुने जाणते वादळवेडे म्हणूनच डोळा कुठे जाईल यावर पैज लावण्याच्या भानगडीत पडत नाहीत. शंकूच्या शेजारी, वेगळ्या नकाशावर, पाणी जमिनीवर किती फूट चढू शकते याचा अंदाज दिलेला असतो. तो चित्र म्हणून अगदीच रटाळ असतो. फिरणारे ढग नाहीत, डोळा नाही, नुसते किनाऱ्याला लावलेले रंगीत पट्टे. ते आधी तो उघडतात आणि मग भरतीच्या वेळा पाहतात.

ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘मिल्टन’ आले. पुन्हा नाव टॅम्पाचे, पण हे वादळ मेक्सिकोच्या आखातातून किनाऱ्यावर बरेचसे समोरून येत होते, आणि धडकण्याची जागा चार दिवस आधी वर्तवलेल्या जागेपासून फार दूर गेली नाही. ९ तारखेच्या रात्री ते टॅम्पाच्या दक्षिणेला सिएस्टा की या बेटावर उतरले. डाव्या अंगाला असलेल्या सेंट पीटर्सबर्गमध्ये १८ इंचांहून जास्त पाऊस कोसळला आणि टॅम्पाच्या उपसागरातले पाणी पुन्हा एकदा मागे हटले. गेलेले पाणी परत येते, उघड्या तळावर उतरू नका, असे अधिकाऱ्यांना या वेळीही सांगावे लागले.