इलेक्ट्रिक गिटार: यंत्र कुठे, हात कुठे?

लिओ फेंडर मूळचे रेडिओ दुरुस्त करणारे. त्यांना गिटार वाजवता येत नसे. म्हणूनच की काय, गिटारकडे त्यांनी सुट्या भागांची वस्तू म्हणून पाहिलं. 1954 साली आलेल्या त्यांच्या स्ट्रॅटोकास्टरचा नेक बॉडीला चिकटवलेला नसतो, चार स्क्रूंनी आवळलेला असतो. बिघडला, तर बदला!

कॅलिफोर्नियातल्या कोरोना गावच्या फेंडर कारखान्यात आज बॉडी कोरतं ते संगणकावर चालणारं यंत्र. घासकाम, जुळणी, शेवटची तपासणी मात्र माणसांकडे. फ्रेटची, म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांची, टोकं कानशीने नीट गोल केली नाहीत, तर वाजवणाऱ्याचा हात खरचटतो.

खरी गंमत पिकअपमध्ये आहे. सहा छोट्या लोहचुंबकांभोवती केसासारखी बारीक तांब्याची तार हजारो वेढे गुंडाळतात. वरची पोलादी तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलतं, वेटोळ्यात वीज उमटते आणि ती अ‍ॅम्प्लिफायरकडे जाते. हे वेढे गुंडाळताना फिरकी मोटर फिरवते. पण जुन्या पद्धतीत तांब्याची तार चिमटीत धरून ताण सांभाळतो तो कारागीर. फेंडरमध्ये अ‍ॅबिगेल इबारा यांनी 1956 पासून अनेक दशकं हेच काम केलं आणि त्यांच्या हातच्या पिकअपना वादकांकडून खास मागणी असे.

गिटार घेताना बॉडीच्या लाकडाच्या चर्चेत फार अडकू नका. आधी पिकअप ऐका.