कारभारी बदलून गळके घर दुरुस्त होत नाही

खोडाळ्यास पावसाळा लागला म्हणजे डोंगरावरचे ढग उतरून दारात येतात आणि त्यांच्या पाठोपाठ घरातल्या संगणकावर दोन संकटे ओढवतात : एक वेळीअवेळी जाणारी वीज आणि दुसरे कपाटातल्या कागदापासून यंत्राच्या पेटीपर्यंत सर्वत्र शिरणारी दमट हवा. मग एखाद्या सायंकाळी, मुलाच्या शिष्यवृत्तीचा अर्ज अर्धा भरून झालेला असताना, पडदा एकाएकी निळा होतो किंवा अवाक्षर न काढता यंत्र मिटून जाते, आणि भोवती जमलेल्या जाणत्यांचा निवाडा तत्क्षणी लागतो : ‘व्हायरस शिरलाय, विंडोज मारून घ्या.’ या निवाड्याची, म्हणजे विंडोज पुसून नव्याने घालण्याची, तामिली करायची तर पेटी गोणपाटात गुंडाळून कसाऱ्याच्या नाहीतर नाशिकच्या वाटेला लागावे लागते. एक दिवस आणि जाण्यायेण्याचा खर्च पदरचा जातो, आणि चार दिवसांनी तोच संगणक त्याच तऱ्हेने पुन्हा बंद पडतो.

असे का होते हे कळण्यासाठी विंडोज म्हणजे काय, याची उकल आधी केली पाहिजे. शेजारी जव्हारला १९४८ पर्यंत मुकणे घराण्याचे संस्थान होते. संस्थान म्हटले की गादीवर राजा आणि दप्तराशी कारभारी, ही वाटणी आपल्या परिचयाची आहे. विंडोज, लिनक्स यांसारखी कार्यप्रणाली हा संगणकातला कारभारी होय : कोणत्या कामाला किती स्मृती द्यायची, कोणता कागद कोठे ठेवायचा, छपाईयंत्राला हुकूम केव्हा सोडायचा, हे सारे ती पाहते. कारभारात घोळ झाला असेल तर कारभारी बदलून उपयोग होईल; परंतु वाड्याचे आढेच कुजले असेल तर नव्या कारभाऱ्याच्या डोक्यावरही पाणी गळणारच. कारभार बिघडला की वाडा, एवढे ठरवल्यावाचून केलेला उपाय हा उपाय नसून जुगार असतो.

गैरसमज : निळा पडदा दिसला की व्हायरस आहेच.

वस्तुस्थिती : निळा पडदा हा कारभाऱ्याने स्वतः होऊन दिलेला थांब्याचा हुकूम असतो. पुढे काम चालू ठेवल्यास दप्तराचा नाश होईल, असे दिसताच कार्यप्रणाली सर्व व्यवहार तहकूब करते आणि कारणाचा संकेतशब्द पडद्यावर लिहून ठेवते. विंडोज ११च्या अलीकडच्या आवृत्तीत हा पडदा काळा झाला आहे, इतकाच काय तो फरक. १९ जुलै २०२४ रोजी जगभर सुमारे ८५ लाख संगणकांवर हा निळा पडदा एकदम झळकला आणि विमानतळांपासून रुग्णालयांपर्यंतची कामे खोळंबली, तेव्हा त्यामागे कोणताही व्हायरस नव्हता; क्राउडस्ट्राइक या संरक्षक प्रणालीच्या कंपनीने धाडलेली एक सदोष फाइल होती. विशेष हे की, अशा संगणकावर विंडोज नव्याने घालण्याची गरज नव्हती. ‘सेफ मोड’मध्ये, म्हणजे मोजक्याच सेवकांनिशी, यंत्र चालू करून ती एक फाइल काढून टाकली की ते पूर्ववत चालू लागे. म्हणून पडदा निळा होताच वीज बंद करण्याची घाई न करता मोबाइलने त्याचे छायाचित्र घ्यावे. तो संकेतशब्द म्हणजे रोग्याने स्वतः सांगितलेले लक्षण आहे.

गैरसमज : विंडोज मारले की कोणताही बिघाड जातो.

वस्तुस्थिती : अचानक बंद पडण्याच्या मुळाशी पुष्कळदा उष्णता, रॅम, हार्ड डिस्क किंवा वीजपुरवठा असतो, आणि यांपैकी एकालाही नव्या विंडोजने गुण येत नाही. दोष वाड्याचा, म्हणजे यंत्राचा, की कारभाराचा, हे पारखण्याची एक सोपी रीत आहे. यंत्र चालू करताना विशिष्ट कळ दाबून मदरबोर्डच्या ‘सेटअप’च्या पडद्यावर जावे आणि ते अर्धा-पाऊण तास तसेच ठेवावे, किंवा पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून त्यावर नित्याचे काम करून पाहावे. तेथेही यंत्र कोलमडले तर विंडोज निर्दोष आहे, कारण त्या वेळी विंडोज कामावर हजरच नव्हते. उलट तेथे ते तासन् तास सुरळीत चालले, तर संशयाची सुई कार्यप्रणाली, तिचे ड्रायव्हर किंवा डिस्क यांकडे वळते.

लक्षणांवरूनही बरेच कळते. कसलाही संदेश न देता यंत्र एकदम मिटत असेल तर प्रथम उष्णतेचा आणि वीजपुरवठ्याच्या पेटीचा, म्हणजे एसएमपीएसचा, विचार करावा : पंख्यात धूळ साचली आहे काय, प्रोसेसरवरची उष्णतावाहक पेस्ट वाळली आहे काय, हे पाहावे. दर खेपेस निराळाच संकेतशब्द दिसत असेल तर रॅमवर वहीम घ्यावा; वीज तोडून, पट्टी काढून, तिच्या सोनेरी कडा खोडरबराने हलक्या हाताने पुसून पुन्हा घट्ट बसवण्याचा गावोगावी रूढ असलेला उपाय दमट प्रदेशात खरोखर लागू पडतो, कारण संपर्काच्या जागी धरलेला सूक्ष्म थर त्याने निघतो. त्यानेही भागले नाही तर विंडोजमध्येच असलेली स्मृतिपरीक्षा चालवावी. एसएमपीएसची पेटी मात्र घरी उघडू नये. वीज काढल्यावरही तिच्यात घातक भार शिल्लक राहू शकतो.

हार्ड डिस्कमधून टकटक आवाज येत असेल किंवा फाइल उघडता उघडत नसेल, तर आधी कागदपत्रांची नक्कल दुसरीकडे काढावी. अशा मरणोन्मुख डिस्कवर नवी विंडोज घालणे म्हणजे धाप लागलेल्या माणसाच्या डोक्यावर धान्याचे पोते देणे होय.

गैरसमज : घरात इन्व्हर्टर आहे, तेव्हा लाइट गेल्याची चिंता नाही.

वस्तुस्थिती : साध्या इन्व्हर्टरला मुख्य विजेवरून बॅटरीवर येण्यास जो क्षणाचा अंश लागतो, तो दिव्याला जाणवत नाही, पण संगणक तेवढ्यात मिटू शकतो. यासाठी यूपीएस, किंवा निदान यूपीएसचा पर्याय असलेला इन्व्हर्टर पाहिजे. आणि त्याने दिलेली मिनिटे काम पुढे रेटण्यासाठी नसून यंत्र रीतसर बंद करण्यासाठी असतात. लिहिणे चालू असता वीज गेली की डिस्कवरची नोंद अर्धवट राहते, आणि अशा अर्धवट नोंदींनीच पुढे विंडोज सुरू होईनासे होते. तेव्हाही प्रथम ‘चेकडिस्क’ आणि ‘स्टार्टअप रिपेअर’ या दुरुस्त्या करून पाहाव्यात. विजा कडाडत असताना वीजपुरवठ्याचा प्लग तर काढावाच, शिवाय ब्रॉडबँडची धातूची तार असल्यास तीही काढावी, कारण आघात त्या वाटेनेही येतो. घराला चांगले अर्थिंग नसेल तर महागड्या संरक्षक पट्टीवरही विसंबता येत नाही.

याच प्रकरणातला एक लहानसा चोर म्हणजे मदरबोर्डवरची नाण्याएवढी ३ व्होल्टची बॅटरी, जिचा क्रमांक बहुधा ‘सीआर २०३२’ असतो. ती संपली की दर वेळी तारीख कित्येक वर्षे मागे जाते. संकेतस्थळांची सुरक्षा-प्रमाणपत्रे तारखेवरून पारखली जात असल्याने मग इंटरनेट चालेनासे होते, आणि त्याही वेळी कोणीतरी विंडोज मारण्याचा सल्ला देतो. अल्प मोलाची बॅटरी बदलणे एवढाच तेथे इलाज असतो.

गैरसमज : सगळे ‘डी’मध्ये आहे, म्हणजे सुरक्षित आहे.

वस्तुस्थिती : बहुसंख्य घरगुती संगणकांत ‘सी’ आणि ‘डी’ या एकाच डिस्कमध्ये भिंत घालून केलेल्या दोन खोल्या असतात. विंडोज घालताना केवळ ‘सी’ पुसली तर ‘डी’ वाचते हे खरे. परंतु डिस्कच गेली तर दोन्ही खोल्या एकदम जातात. शिवाय ‘डेस्कटॉप’वर ठेवलेले सातबाऱ्याचे, जातीच्या दाखल्याचे आणि लग्नाच्या छायाचित्रांचे संच नेहमीच्या मांडणीत ‘सी’मध्येच असतात, हे ध्यानात येते ते वेळ टळून गेल्यावर. नक्कल असावी ती वेगळ्या वस्तूवर, आणि ती उघडते की नाही याची रुजुवात करून. ‘रिसेट’ करताना ‘माझ्या फाइली ठेवा’ असा पर्याय मिळतो. त्याने फाइली राहतात, पण स्वतः बसवलेले प्रोग्राम जातात. डिस्कला बिटलॉकरचे कुलूप असेल तर त्याची ४८ अंकी किल्ली आधी कागदावर उतरवून घ्यावी.

गैरसमज : नवी विंडोज घातली आणि मराठी मजकूर बिघडला.

वस्तुस्थिती : मजकूर जसाच्या तसा असतो, हरवलेला असतो तो फाँट. युनिकोड रूढ होण्यापूर्वीच्या अनेक मराठी फाँटांत इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीची रूपे बसवलेली होती. तो फाँट नसला की त्याच फाइलीत इंग्रजी अक्षरांची निरर्थक माळ दिसू लागते. जुने फाँट पुन्हा बसवताच मजकूर परत येतो, म्हणून विंडोज पुसण्यापूर्वी त्यांचीही नक्कल घ्यावी. युनिकोडमध्ये लिहिलेल्या मजकुरावर मात्र हे संकट येत नाही; र. कृ. जोशी यांनी आरेखलेला ‘मंगल’सारखा देवनागरी फाँट विंडोजबरोबर येऊ लागला तेव्हापासून ही सोय झाली आहे.

गैरसमज : विंडोज पुन्हा घालायची तर ती विकत घ्यावी, नाहीतर ‘क्रॅक’ आणावी.

वस्तुस्थिती : विंडोज १० पासून अधिकृत परवान्याची नोंद बहुधा त्या यंत्राच्या नावे कंपनीकडे राहते; त्यामुळे तीच आवृत्ती पुन्हा बसवून इंटरनेटला जोडली की परवाना आपोआप लागू होतो. स्थापनेचा संच कंपनीच्या संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवता येतो आणि त्यास ८ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो. त्यावर आधी असलेले सर्व काही पुसले जाते, एवढे मात्र विसरू नये. ‘क्रॅक’च्या वाटेने खरा व्हायरस घरात येतो, हा यातला विरोधाभास. विंडोज १०चा नित्याचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था, ४ जीबी रॅम व ६४ जीबी जागा लागते. तथापि या अटींत न बसणारे यंत्र भंगारात घालण्याचे कारण नाही. अर्ज भरणे, पत्र लिहिणे, व्याख्याने पाहणे इतक्या कामांस लिनक्स पुरते, आणि सी-डॅक या संस्थेने सिद्ध केलेली ‘बॉस’ ही भारतीय कार्यप्रणालीही त्याच कुळातली आहे.

इतके करूनही पेटी तालुक्याबाहेर न्यावीच लागली, तर तिच्याबरोबर एक चिठ्ठी द्यावी : यंत्र केव्हा बंद पडते, चालू केल्यावर किती वेळाने, पाऊस किंवा विजेचा चढउतार होता काय, पडद्यावर कोणता शब्द होता, कसला आवाज आला, आणि पेनड्राइव्हवरून चालवले असता काय घडले. चिठ्ठीच्या शेवटी ‘विचारल्यावाचून फॉरमॅट मारू नये’ हे वाक्य ठळक अक्षरांत लिहावे. दुकानात पोहोचलेले यंत्र पुष्कळदा शहाण्यासारखे चालू लागते, कारण तेथे खोडाळ्याची ओल नसते आणि खोडाळ्याची वीजही नसते. त्या वेळी त्याच्या दुखण्याची साक्ष द्यायला ही चिठ्ठीच तेवढी हजर असते.