इटलीतील प्रादेशिक लाल वाईनचे मूल्यमापन

इटलीतील लाल वाईनचे मूल्यमापन प्रामुख्याने द्राक्षाचा वाण, प्रदेश आणि बाटलीवर छापलेला शासनमान्य वर्ग यांवरून केले जाते. यांपैकी वर्ग हा उगमाची व निर्मितीपद्धतीची हमी देतो, चवीची नव्हे. हा भेद ध्यानात न घेतल्यास किंमत आणि गुण यांची गल्लत होते.

शैली

प्यिमाँत प्रदेशातील बारोलो ही केवळ नेब्बिओलो या वाणापासून तयार होते. तिचा रंग फिकट, परंतु आम्लता व तुरटपणा प्रखर असतो. त्यामुळे फिकट वाईन हलकी असते हा समज येथे फसतो. ती किमान ३८ महिने मुरवावी लागते; त्यांपैकी १८ महिने लाकडी पिंपात. त्याच प्रदेशातील बार्बेरा गडद, आंबटसर व बरीच कमी तुरट असते. तोस्कानातील कियांती आणि ब्रुनेल्लो दी मोंताल्चिनो या दोहोंचा आधार सांजोवेझे हा वाण होय. (सोलापूर जिल्ह्यातील अकलूज परिसरातही त्याची लागवड होते, मात्र त्या वाईनला कियांती म्हणता येत नाही.)

वर्गवारी व तिच्या मर्यादा

१९६३ च्या कायद्याने ‘डीओसी’ ही नामसंरक्षणाची पद्धत सुरू झाली. तिच्यावरचा ‘डीओसीजी’ हा वर्ग १९८० पासून प्रत्यक्षात आला. १९६७ च्या नियमांनुसार कियांतीत १० ते ३० टक्के पांढरी द्राक्षे घालणे बंधनकारक होते. त्यामुळे वाईन पातळ होते, असे काही उत्पादकांचे मत होते. आंतिनोरी घराण्याने १९७१ च्या हंगामापासून ‘तिन्यानेल्लो’ कियांतीच्या नावाखाली न विकता ‘साधी मेजवाईन’ या सर्वांत खालच्या वर्गात विकली, आणि तीच पुढे कियांतीहून कितीतरी महाग ठरली. अशा वाईनसाठी १९९२ मध्ये ‘आयजीटी’ हा वर्ग निर्माण करण्यात आला. कियांती क्लासिकोत पांढऱ्या द्राक्षांवर २००६ पासून बंदी आहे.

तथापि वर्गवारी निरर्थक नाही. १९८६ मध्ये स्वस्त वाईनमध्ये मेथॅनॉल मिसळल्याने इटलीत वीसहून अधिक माणसे दगावली. उगमाचा माग लागणे किती निकडीचे आहे, हे त्यावेळी दिसून आले.

किंमत

ब्रुनेल्लो हंगामानंतरच्या पाचव्या वर्षापूर्वी विकता येत नाही. साहजिकच अडकून पडलेले भांडवल तिच्या किमतीत मिळवलेले असते. त्याच परिसरातील, त्याच वाणाची रोस्सो दी मोंताल्चिनो सुमारे वर्षभरात बाजारात येते. बाटली वर्षानुवर्षे साठवायची नसेल, तर रोस्सो अधिक किफायतशीर ठरते.