आजीला बोलतं करताना

यंदा आमच्या बिडकीनच्या घराला नवा छंद जडलाय: आजीच्या आठवणी मोबाइलवर रेकॉर्ड करायच्या. नाथषष्ठीला सगळे पैठणला जमलो, तिथून सुरुवात झाली. 'जुनं काही सांग' म्हटलं की आजी गप्प. '१९७२च्या दुष्काळात काय खाल्लं?' विचारलं की मिलोच्या लाल भाकरी, सुकडी, खडी फोडायचं काम, सगळं धडाधड निघतं. ओव्या मात्र जात्याचा खुंटा हातात आल्याशिवाय आठवत नाहीत! हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांच्या प्रकल्पाने महाराष्ट्रातल्या अशा लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यातल्या कितीतरी 'परी' (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या ग्रामीण भारताच्या ऑनलाइन संग्रहाच्या संकेतस्थळावर ऐकायला मिळतात. रेकॉर्डिंगला नाव, गाव, तारीख द्या आणि दोन ठिकाणी जपा. दिवाळीला गावी जाल तेव्हा एवढं कराच.