डब्यांची उतरंड

लहानपणी आमच्या घरी माजघराच्या कोपऱ्यात मडक्यांची उतरंड असे. तळाला मोठं मडकं, त्यावर लहान, त्यावर आणखी लहान. तळातली डाळ हवी असली, की अम्मा आधी वरची सगळी मडकी उतरवून ठेवायची. न्यूयॉर्कमध्ये २०१७ साली पूर्ण झालेल्या '५६ लेनर्ड' या ५७ मजली इमारतीचा फोटो पाहिला आणि मला ती उतरंड आठवली. एकावर एक डबे रचावेत, काही पुढे सरकलेले, काही मागे, अशी ती दिसते. ही कल्पना आली कुठून?

तिचं एक मूळ कॅनडातल्या माँट्रियल शहरात सापडतं. १९६७ च्या जागतिक प्रदर्शनासाठी मोशे सफदी या तरुण वास्तुरचनाकाराने तिथे 'हॅबिटॅट ६७' ही वसाहत उभारली. विद्यार्थी असताना लिहिलेल्या प्रबंधातून तिचा जन्म झाला होता. काँक्रीटची ३५४ खोकी तिथल्याच कारखान्यात ओतली, क्रेनने उचलून रचली आणि त्यांतून १५८ घरं तयार केली. खालच्या घराचं छप्पर म्हणजे वरच्या घराची बाग! शहराच्या दाटीतल्या कुटुंबालाही अंगण मिळावं, हा हेतू. कारखान्यात केलेलं घर स्वस्त पडेल, असा हिशेब होता. पण साचा परवडतो तो त्यातून पुष्कळ नग काढले तर. मूळ योजनेचा थोडाच भाग बांधला गेला आणि घरं महाग पडली. लोक मात्र आजही तिथे आवडीने राहतात.

दुसरं उदाहरण टोकियोचं. किशो कुरोकावा यांचा 'नाकागिन कॅप्सूल टॉवर' १९७२ साली उभा राहिला. दोन उंच खांबांसारख्या मनोऱ्यांना १४० छोट्या खोल्या बाहेरून जोडलेल्या; प्रत्येकीला चार बोल्ट. साधारण पंचवीस वर्षांनी जुनी खोली काढून नवी बसवायची, अशी योजना होती. ते कधीच घडलं नाही. खोल्या इतक्या खेटून बसवल्या होत्या, की एक काढायची तर वरच्याही काढाव्या लागल्या असत्या. पुन्हा आमची उतरंडच! त्यात मालक अनेक. अखेर २०२२ साली इमारत उतरवण्यात आली. २३ खोल्या तेवढ्या जपून ठेवल्या.

आपल्या मुंबईत चार्ल्स कोरिया यांनी वेगळी वाट धरली. १९८३ साली पूर्ण झालेल्या 'कांचनजंगा'त त्यांनी डबे रचले नाहीत. उंच चौकोनी ठोकळ्याचे कोपरे कोरून दोन मजली उंचीच्या बागा केल्या. समुद्राचा वारा घरात यावा, पण ऊन-पाऊस थेट आत येऊ नये, ही जुन्या बंगल्याच्या व्हरांड्याची युक्ती.

आता '५६ लेनर्ड'कडे परत येऊ. हर्झोग आणि द म्युरॉन यांच्या या इमारतीत सुटे डबे नाहीतच. काँक्रीटचे मजले जागेवरच ओतून, कुठे पुढे, कुठे मागे सरकवले आहेत. त्यातून सज्जे निघाले. देखणी आहे, यात शंका नाही. पण ही घरं अतिश्रीमंतांची.

म्हणून अशी इमारत दिसली, की मी मनाशी दोन प्रश्न विचारतो. यातला डबा खरोखर सुटा निघतो का? आणि सफदींना सर्वांसाठी हवं असलेलं अंगण इथे कुणाच्या वाट्याला आलं?