टॅक्सीवाल्यांची धास्ती आणि पोलिसांचे आकडे

रात्री उशिरा जबलपूर स्टेशनात मुंबईकडची गाडी लागते. बॅग सांभाळत बाहेर आलेल्या मुलीभोवती ऑटोवाल्यांचा गराडा पडतो. घरी आई फोनपाशी बसून असते आणि वडील स्कूटर काढायच्या बेतात असतात. कारण त्याच सकाळच्या वर्तमानपत्रात बातमी असते, 'टॅक्सीचालकांकडून होणाऱ्या लैंगिक गुन्ह्यांत वाढ.' मग घरात ठरते, 'यापुढे एकटीने प्रवास नाही!' कधी कधी तर तेवढ्यावरून मुलीचा संध्याकाळचा क्लास किंवा बाहेरगावची नोकरीही सुटते.

ही भीती निराधार नाही. पण ज्या आकड्यावरून एवढा मोठा निर्णय घेतला जातो, तो आकडा नेमके काय सांगतो, हे किती घरांत तपासले जाते?

धास्तीचे मूळ

नोव्हेंबर २००७ मध्ये पुण्यात रात्रपाळीला निघालेल्या एका बीपीओ कर्मचारी तरुणीला कंपनीने ठरवलेल्या गाडीच्या चालकाने साथीदारासह आडवाटेला नेले. अत्याचार करून तिचा खून करण्यात आला. ५ डिसेंबर २०१४ रोजी दिल्लीत मोबाईलवरून बोलावलेल्या टॅक्सीत एका तरुणीवर बलात्कार झाला. चालकाला २०१५ मध्ये जन्मठेप झाली. तपासात उघड झाले की, २०११ मध्येही त्याच्यावर असाच आरोप होता आणि त्यातून तो सुटला होता. चांगल्या वर्तणुकीचा त्याचा दाखलाही बनावट निघाला.

अशा घटना मनात घर करतात. पण दोन भयंकर घटनांवरून सगळ्या चालकांचा हिशेब मांडता येत नाही. त्यासाठी नोंदी पाहाव्या लागतात.

रकानाच नाही!

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग दरवर्षी देशभरातील गुन्ह्यांचा अहवाल काढतो. बलात्काराच्या तक्त्यात आरोपी पीडितेचा कोण लागतो, याची नोंद असते. कुटुंबातला, शेजारी, मालक, मित्र की अनोळखी, हे त्यातून कळते. आरोपीचा व्यवसाय मात्र त्या तक्त्यात नसतो. तेव्हा 'टॅक्सीचालकांचे गुन्हे' म्हणून एखादा आकडा समोर आला, तर तो कोणी, कोणत्या नोंदींवरून मोजला, हा पहिला प्रश्न.

२०२१ च्या अहवालानुसार बलात्काराच्या १०० पैकी ९६ हून अधिक प्रकरणांत आरोपी पीडितेच्या ओळखीचा होता. स्टेशनबाहेरच्या अनोळखी ऑटोवाल्याची धास्ती बाळगणाऱ्या घरांनी हे वाचून थोडे थांबायला हवे. पण यातही एक मेख आहे. मुलांना रोज शाळेत नेणारा व्हॅनवाला किंवा ठरलेला ऑटोवालाही 'ओळखीचा'च असतो. शिवाय ओळखीच्या माणसाचे नाव तक्रारीत सहज देता येते, रात्री भेटलेल्या अनोळखी चालकाचे देता येत नाही.

आणखी एक नियम सामान्य वाचकाला ठाऊक नसतो. एकाच तक्रारीत अनेक गुन्हे असले, तर मोजणीत सर्वांत गंभीर गुन्हाच धरला जातो. अत्याचार करून खून झाला की तो साध्या बलात्काराच्या आकड्यात दिसत नाही.

वाढ कशाची?

मध्य प्रदेशात २०१२ मध्ये बलात्काराचे ३,४२५ गुन्हे नोंदले गेले, २०१३ मध्ये ४,३३५. देशाचा आकडा २४,९२३ वरून ३३,७०७ वर गेला. एका वर्षात पुरुष एवढे बिघडले का? डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतील घटनेनंतर स्त्रिया तक्रारीला पुढे येऊ लागल्या. २०१३ मध्ये कायद्याची व्याख्या विस्तारली आणि अशी तक्रार न नोंदवणाऱ्या पोलिसालाही शिक्षेची तरतूद झाली. म्हणजे वाढीचा मोठा वाटा नोंदीतील वाढीचाही असू शकतो.

उलटही घडते. राज्याचा हाच आकडा २०१८ मध्ये ५,४३३ होता, तो २०१९ मध्ये २,४८५ झाला. पण त्यावरून राज्य सुरक्षित झाले असे मानणे घाईचे ठरेल. बालकांवरील अत्याचार 'पॉक्सो' कायद्याच्या वेगळ्या तक्त्यातही असतात. दोन्ही तक्ते शेजारी ठेवल्याशिवाय निष्कर्ष काढता येत नाही.

टॅक्सीच्या बाबतीत तर भागाकारही हवा. समजा, एका शहरात दहा तक्रारी आल्या आणि दुसऱ्यात पाच. पहिल्यात वीस हजार गाड्या असतील आणि दुसऱ्यात दोन हजार, तर दर गाडीमागे जास्त तक्रारी दुसऱ्या शहरात आहेत.

न आलेल्या तक्रारी

सर्वांत मोठा आकडा तर कागदावर येतच नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या दर १०० स्त्रियांपैकी ७७ जणींनी ना मदत मागितली, ना कुणाला सांगितले.

आणि सांगूनही काय होते, याचे उदाहरण लंडनचे आहे. तेथे एक टॅक्सीचालक स्त्री प्रवाशांना गुंगीचे औषध मिसळलेले पेय देऊन अत्याचार करी. जुलै २००७ मध्ये पोलिसांनी त्याला पकडले आणि सोडून दिले. वेगवेगळ्या ठाण्यांतील तक्रारी कुणी जोडून पाहिल्या नव्हत्या. फेब्रुवारी २००८ मध्ये तो पुन्हा हाती लागेपर्यंत आणखी स्त्रिया बळी पडल्या. २००९ मध्ये बारा स्त्रियांवरील गुन्ह्यांत तो दोषी ठरला. सुटी सुटी तक्रार क्षुल्लक वाटते. एकाच चालकाविरुद्धच्या तक्रारी एकत्र पाहिल्या तरच माणूस सापडतो.

घराने काय करावे?

मुलीला घरात बसवणे हा उपाय नव्हे. त्याने प्रामाणिकपणे पोट भरणाऱ्या चालकावर डाग लागतो आणि गुन्हेगाराचे काहीच बिघडत नाही. गाडीचा नंबर घरी कळवावा, ॲपवरील चालक आणि गाडी तीच आहे ना हे बसण्यापूर्वी पाहावे, रस्ता बदलला तर लगेच विचारावे. संकटात ११२ हा क्रमांक देशभर चालतो.

धावत्या गाडीतला गुन्हा कोणत्या ठाण्याच्या हद्दीत घडला, हा वादही आता अडचण ठरू नये. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या कायद्यानुसार हद्द न पाहता कोणत्याही ठाण्यात गुन्हा नोंदवता येतो. पीडितेचे नाव छापणे हा गुन्हा आहे.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट मात्र घरातच करायची आहे. मुलगी परत येऊन म्हणाली, "आई, तो ऑटोवाला नीट वागला नाही," तर "तू एवढ्या उशिरा आलीसच का?" असे विचारू नये. तिने सांगितलेला नंबर लिहून घ्यावा आणि तिच्यासोबत पोलीस ठाण्यात जावे. कदाचित त्याच नंबराविरुद्ध आधीही कुणीतरी तक्रार केलेली असेल.